कारच्या अँपमधले इलेक्ट्रिकल बिघाड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडीतला अँप (स्पीकरसाठी आवाजाची ताकद वाढवणारा अँप्लिफायर) मुका झाला की बरेच जण चार स्क्रू काढून तो पिशवीत घालतात आणि दुरुस्तीला आणून देतात. टेबलावर जोडला की तोच अँप खणखणीत वाजतो. बिघाड गाडीतच राहिलेला असतो, एखाद्या ढिल्या थिंबलमध्ये (वायरीच्या टोकाला दाबलेला धातूचा तुकडा), नाहीतर बॉडीच्या रंगावरच आवळलेल्या अर्थिंगमध्ये. म्हणून इथे आधी गाडी तपासू, मग अँप. त्यासाठी साधा डिजिटल मल्टिमीटर आणि हेडलाइटचा एक जुना पण चालू बल्ब लागेल. बल्ब कशाला, ते पुढे येईलच.

हे सगळं १२ व्होल्टच्या, बॉडीला निगेटिव्ह असलेल्या गाड्यांसाठी आहे. मिरवणुकीच्या टेम्पोवर जनरेटरवर चालणारे अँप २३० व्होल्टचे असतात. तिथली चूक जिवावर बेतते, त्यांचा इथे विचार नाही.

अँपचा दिवाच लागत नाही. सुरुवात कुठून करू?

अँपच्या एका कडेला तीन स्क्रू शेजारी शेजारी असतात. बी प्लसवर बॅटरीकडून आलेली जाड वायर, जीएनडीवर बॉडीला गेलेली अर्थिंगची वायर आणि रेमवर (रिमोट) डेककडून, म्हणजे डॅशबोर्डवरच्या म्युझिक सिस्टिमकडून, आलेली बारीक वायर, जी अँपला चालू व्हायला सांगते. मीटर डीसी २० व्होल्टच्या रेंजला लावा. डेक चालू करा. काळा प्रोब अँपच्या जीएनडी स्क्रूवर टेकवून लाल प्रोब आधी बी प्लसवर आणि मग रेमवर ठेवा. दोन्हीकडे साधारण बारा व्होल्ट दिसायला हवेत.

काळा प्रोब गाडीच्या बॉडीवर ठेवायची चूक सर्रास होते. तसं केलंत तर अँपची अर्थिंग तुटली असली तरी मीटर आपलं बारा दाखवत राहील. उलट याचा फायदाही घेता येतो : जीएनडी स्क्रूवर प्रोब ठेवून काहीच दिसत नाही आणि बॉडीवर ठेवल्यावर बारा दिसतात, तर दोष अर्थिंगच्या वायरीत. विषय संपला.

बी प्लसवर शून्य असेल तर बोनेट उघडून बॅटरीजवळचा फ्यूज बघा. बघा म्हणजे मोजा. काचेचा फ्यूज आतून टोपीपाशी तुटलेला असतो आणि बाहेरून नवाकोरा दिसतो. फ्यूजच्या दोन्ही बाजूंना व्होल्टेज मोजलं की खरं-खोटं लगेच कळतं. रेमवर शून्य असेल तर पुढचा प्रश्न वाचा. तिन्ही बरोबर असून दिवा लागत नसेल तर अँपच्या अंगावरचे पट्टीचे फ्यूज तपासा. तेही ठीक असतील तरच अँप उघडायची वेळ येते, आणि त्याआधी त्याखालचा प्रश्नसुद्धा वाचाच.

रिमोटची वायर नक्की कुठून घ्यायची? नवीन अँड्रॉइड डेक बसवल्यापासून घोळ झाला आहे.

बाहेरून घेतलेल्या डेकच्या कपलरमध्ये निळी वायर, तिच्यावर पांढरी रेघ, ही अँपसाठी असते. नुसती निळी वायर पॉवर अँटेनाची. काही डेकमध्ये ती फक्त रेडिओ लावल्यावर जिवंत होते. त्यामुळे रेडिओवर अँप चालतो आणि ब्लूटूथवर गेलं की बंद पडतो. असा चमत्कार दिसला की आधी रंग तपासा. स्वस्त डेकच्या हार्नेसमध्ये (वायरींच्या जुडग्यात) रंगांचा भरवसा नसतो, तिथे मीटर लावून खात्री करा : पिवळीवर कायम बारा, लालवर फक्त चावी फिरवल्यावर बारा, रिमोटच्या वायरीवर डेक चालू झाल्यावर बारा.

कंपनीने बसवून दिलेल्या डेकला बहुतेक वेळा ही वायर नसतेच. अशा वेळी फ्यूज बॉक्समधल्या एसीसीच्या (चावी फिरवल्यावरच चालू होणाऱ्या) सर्किटवरून फ्यूज टॅप लावून लाइन घ्यावी, किंवा स्पीकरच्या वायरीवरून आपोआप चालू होणारा हाय लेव्हल इनपुट असलेला अँप घ्यावा. कंपनीचं हार्नेस कापू नका. तुमच्या गाडीचं कपलर बाजारात मिळतं, ते मध्ये घाला. वॉरंटीत गाडी दाखवायला नेली की कापलेल्या वायरी आधी दिसतात.

आणखी एक. या वायरीतून फार थोडा करंट मिळतो, काहीशे मिलिअँपिअर. तिच्यावर दोन अँप आणि वर थंड करायचा पंखा लटकवला की डेकच्या आतलं सर्किट जळतं. एकापेक्षा जास्त ओझं असेल तर चार पिनांचा रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच) घाला : ३० नंबरच्या पिनेला बॅटरीची फ्यूजमधून आलेली लाइन, ८७ वरून पुढे पुरवठा, ८६ ला डेकची वायर, ८५ बॉडीला.

मीटर १२.६ व्होल्ट दाखवतो, तरी अँप चालत नाही किंवा आवाज वाढवला की बंद होतो. असं कसं?

सगळ्यात जास्त वेळ याच प्रश्नात जातो.

चाळीतल्या नळाचा विचार करा. वर टाकी भरलेली आहे आणि पाइपात गाळ साचला आहे. तोटी बंद असताना दाब अगदी पुरा असतो. उघडली की करंगळीएवढी धार येते. मीटर म्हणजे बंद तोटी. तो वायरीतून जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे जाड वायरीचा एकच धागा शिल्लक असला तरी १२.६ दाखवतो. अँपने चाळीस अँपिअर मागितले की त्या एका धाग्याचा दम संपतो.

आता तो हेडलाइटचा बल्ब काढा. एच४ बल्बचं ५५ वॅटचं फिलामेंट साडेचार अँपिअरच्या आसपास घेतं. अँपच्या बी प्लस आणि जीएनडी स्क्रूंना तो जोडा. बल्ब लख्ख पेटला तर वायरिंग निदान ठीकठाक आहे. मिणमिणला तर लाइन कुठेतरी कुजली आहे, मीटर काहीही सांगो. बल्ब तापतो, सीटच्या कापडावर ठेवू नका.

नेमकी जागा शोधायला गाणं मोठ्याने लावा, म्हणजे अँप करंट ओढू लागेल. मीटरच्या लाल प्रोबला लांब वायर जोडून तो बॅटरीच्या प्लस टोकावर आणि काळा प्रोब अँपच्या बी प्लसवर ठेवा. आता मीटर दाखवेल ते वायरीत हरवलेलं व्होल्टेज. अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर चालेल. हेच निगेटिव्ह बाजूला करा, अँपचा जीएनडी ते बॅटरीचं मायनस. तिथे ०.२ च्या वर गेलं तर अर्थिंग संशयित. मग एकेक टप्पा तपासत जा : बॅटरीची क्लँप, फ्यूज होल्डर, त्याच्या पुढची वायर, अँपचा स्क्रू. ज्या टप्प्यावर आकडा एकदम उडी मारतो, तिथे चोर सापडला.

एक छोटा हिशोब. एखाद्या जोडात ०.०५ ओहम रोध आला आणि तिथून ४० अँपिअर गेले, तर दोन व्होल्ट तिथेच संपतात. आणि त्या जोडात ८० वॅट उष्णता तयार होते, म्हणजे मोठ्या सोल्डरिंग आयर्नएवढी. फ्यूज होल्डरचं प्लॅस्टिक वितळलेलं दिसतं आणि फ्यूज मात्र शाबूत असतो, त्याचं कारण हेच. असा होल्डर बदला. वितळलेल्या होल्डरमध्ये नवा फ्यूज घालणारे लोक महिन्याभरात परत येतात.

थिंबल नुसत्या पक्कडीने दाबली असेल तर तीही काढा आणि क्रिंपिंगच्या हत्याराने नवी दाबून घ्या. वायर पिळून वर काळी टेप गुंडाळणं जाड वायरीला चालत नाही. बोनेटखालच्या उष्णतेत टेपचा डिंक सुटतो.

अर्थिंग कुठे द्यावी? आमच्याकडे सीट बेल्टच्या बोल्टला दिली आहे.

ती आजच काढा. सीट बेल्टचा बोल्ट जीव वाचवण्यासाठी असतो, तो सैल करून खाली वॉशर-थिंबल घालायची जागा नाही. शिवाय त्यावर गोंद असतो, खाली रंग असतो, संपर्कही धड मिळत नाही.

अँपपासून अर्ध्या मीटरच्या आत बॉडीची जाड पत्र्याची जागा निवडा. खालून पेट्रोलची टाकी, तिच्या नळ्या किंवा ब्रेकची लाइन जात नाही ना, हे वाकून बघा आणि मगच भोक पाडा. पॉलिश पेपरने रंग आणि प्रायमर घासून पत्रा चकचकीत करा. थिंबल, काटेरी वॉशर, नट-बोल्ट आवळा, मग वरून रंग किंवा ग्रीस लावा म्हणजे गंज धरणार नाही. अर्थिंगची वायर प्लसच्या वायरीइतकीच जाड हवी. प्लसला बोटाएवढी आणि मायनसला सुतळीएवढी वायर लावलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. करंट जेवढा येतो तेवढाच परत जातो, याचा विसर पडलेला असतो.

वायर आणि फ्यूज किती घ्यावा? खोक्यावर ३००० वॅट लिहिलं आहे.

खोकं बाजूला ठेवा, अँपच्या अंगावरचे फ्यूज बघा. समजा ३० चे दोन आहेत. म्हणजे ६० अँपिअर, गुणिले १३.८ व्होल्ट, सुमारे ८३० वॅट आत जाणार. क्लास एबी जातीचा अँप असेल तर यातले निम्म्याच्या आसपास स्पीकरला पोचतात, बाकीची उष्णता होते. क्लास डी असेल तर ८० टक्क्यांपर्यंत पोचतात. ३००० कुठून आले, ते छापणाऱ्यालाच ठाऊक.

८ गेजच्या वायरीत तांब्याचं क्षेत्रफळ ८.४ चौरस मिलिमीटर असतं, ४ गेजमध्ये २१. बोनेटपासून डिकीपर्यंतच्या चार-पाच मीटर लांबीला मी ८ गेजवर ५० आणि ४ गेजवर १०० अँपिअरच्या वर जात नाही. तयार किटमध्ये मिळणारी वायर पुष्कळदा तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असते. ब्लेडने एक धागा खरवडा, आतून पांढरा निघाला तर समजा. ॲल्युमिनियम तांब्याच्या साधारण ६० टक्केच वीज वाहतं, म्हणजे एक माप मोठी घ्यावी लागते. शिवाय कव्हर गुबगुबीत आणि आत धातू मूठभर, असाही माल असतो. तो हाताने दाबून पाहिला तरी कळतो.

मुख्य फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत हवा, आणि तो वायरीच्या ताकदीनुसार ठरवायचा. त्याचं काम वायर वाचवणं. दरवाजाच्या पत्र्यात किंवा फायरवॉलच्या भोकात वायर घासून उघडी पडली तर फ्यूजच्या अलीकडचा भाग थेट बॅटरीवर शॉर्ट होतो आणि गाडी पेटते. भोकात रबरी ग्रोमेट घाला.

फ्यूज बसवला की लगेच उडतो.

उडालेला फ्यूज हातात घेऊन बघा. खिडकी काळी झाली असेल आणि तार वाफ होऊन चिकटली असेल तर सरळ शॉर्ट आहे. तार मधोमध हळूच वितळून तुटली असेल तर ओझं जास्त झालं होतं, तासाभराने उडणारे फ्यूज या प्रकारचे.

शॉर्ट असेल तर अँपच्या तिन्ही वायरी सोडवून, टोकं टेपने झाकून फ्यूज परत घाला. आता उडाला तर दोष वायरीत. नाही उडाला तर अँपमध्ये. सुटलेल्या अँपच्या बी प्लस आणि जीएनडीमध्ये ओहम मोजा. आतले कपॅसिटर चार्ज होत असल्यामुळे आकडा चढत जाईल, ते चांगलं लक्षण. एक ओहमच्या खाली अडकून बसला तर आतले मॉस्फेट (मोठा करंट चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) शॉर्ट आहेत, किंवा बॅटरी कधीतरी उलटी जोडली गेली होती. उलटं जोडलं तर वाचवण्यासाठी बऱ्याच अँपमध्ये एक डायोड आडवा असतो. तो स्वतः शॉर्ट होऊन फ्यूज उडवतो. डायोड बदलला की काम होतं, हा स्वस्तातला बिघाड.

सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा तारेचा तुकडा फ्यूजच्या जागी घालू नका, आणि ३० च्या जागी ४० चा फ्यूजही घालू नका. पट्टीच्या फ्यूजचे रंग ठरलेले आहेत : १० लाल, १५ निळा, २० पिवळा, २५ पांढरा, ३० हिरवा.

प्रोटेक्टचा लाल दिवा लागतो आणि आवाज बंद.

अँप स्वतःला किंवा स्पीकरला वाचवतो आहे. कशापासून, ते वजाबाकीने शोधायचं.

अँप बंद करा, स्पीकरच्या सगळ्या वायरी काढा, चालू करा. दिवा हिरवा झाला तर दोष स्पीकरकडे. एकेक स्पीकर जोडत जा, जो लावल्यावर लाल होतो तो गुन्हेगार. त्याचा ओहम मोजा. ४ ओहमचा चांगला स्पीकर मीटरवर ३.२ ते ३.८ दाखवतो. एक-दीड दाखवला तर कॉइल जळून चिकटली आहे, वास घेऊन बघा. स्पीकरची वायर आणि गाडीची बॉडी यांच्यामध्येही मोजा, तिथे काहीच दिसता कामा नये. दरवाजाच्या बिजागरीपाशी वायर चिरडलेली बऱ्याचदा सापडते. दार उघडताना आवाज जातो आणि लावल्यावर येतो, ही तिची खूण.

जोडणीचा हिशोबही चुकलेला असतो. प्रत्येकी ४ ओहमच्या दोन कॉइल असलेल्या वूफरच्या दोन्ही कॉइल समांतर जोडल्या की २ ओहम होतात. तो वूफर ब्रिज केलेल्या चॅनेलवर (दोन चॅनेल मिळून एकच स्पीकर) लावला की प्रत्येक चॅनेलला १ ओहमच दिसतो. अँपवर ब्रिजसाठी किमान ४ लिहिलं असेल तर तो प्रोटेक्टमध्ये जाणार. दोष त्याचा नाही.

स्पीकर काढूनही लालच? आरसीएच्या (डेककडून गाण्याचा सिग्नल आणणाऱ्या केबलच्या) पिना काढा. तरी लालच? मग बॅटरीचं व्होल्टेज अँपवर, गाडी चालू असताना मोजा. १३.८ ते १४.४ हवं. तेही ठीक असेल आणि बी प्लस, जीएनडी, रेम एवढ्याच वायरी लावून लाल दिवा जात नसेल, तर बिघाड आत आहे. आता अँप पिशवीत घालायला हरकत नाही.

याच्या उलट, दिवा हिरवा आहे पण स्पीकर जोडताना धप्प आवाज येतो आणि कोन एका बाजूला ओढलेला राहतो, असं असेल तर तो स्पीकर तत्काळ काढा. आउटपुटच्या स्क्रूंवर डीसी व्होल्टेज मोजा. चांगल्या अँपला काही मिलिव्होल्ट असतात, ५० पर्यंत मी सोडून देतो. काही व्होल्ट दिसले तर आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट आहे आणि जोडाल तो स्पीकर तो जाळणार.

इंजिन सुरू केलं की स्पीकरमधून शिट्टी येते, ॲक्सिलरेटरबरोबर चढते.

अल्टरनेटर तीन फेजची वीज तयार करतो आणि डायोड तिची डीसी करतात. त्यात थोडी लाट उरते, आणि ती लाट इंजिनच्या फेऱ्यांबरोबर वेगवान होते. शिट्टीचा जन्म तिथला. पण ती सगळ्याच गाड्यांमध्ये असते. तुमच्याच स्पीकरमध्ये ती कुठल्या दाराने शिरली, हा खरा प्रश्न.

अँपवरून आरसीएच्या दोन्ही पिना काढा. शिट्टी राहिली तर अँपची अर्थिंग आणि पुरवठा बघा. गेली तर ती आरसीएमधून येते आहे. मग केबल परत लावा आणि डेकच्या टोकाला काढून बघा. केबल पॉवरच्या जाड वायरीबरोबर एकाच बाजूने आणली असेल तर ती दुसऱ्या बाजूने न्या. आडव्या याव्या लागल्या तर काटकोनात.

केबल ठीक आणि तरी शिट्टी, तर डेकचं आरसीए ग्राउंड तपासा. डेकच्या आरसीएची बाहेरची कडी आणि डेकचा पत्रा यांच्यात ओहम मोजा, बहुतेक डेकमध्ये जवळजवळ शून्य हवा. जोडणी तुटलेली दाखवली तर आतली केसासारखी बारीक ट्रॅक किंवा इवलासा फ्यूज उडाला आहे. तो उडतो कसा? अँपची अर्थिंग सुटली की अँपचा सगळा करंट आरसीएच्या शील्डमधून डेककडे परत जायला बघतो. केस काय टिकणार! म्हणजे पुन्हा गाडी अर्थिंगवरच येते. अँप चालू असताना आरसीए काढ-घाल केल्यानेही तेच होतं. तात्पुरता उपाय म्हणून आरसीएच्या कडीपासून डेकच्या पत्र्याला एक तार लावून बघा. शिट्टी गेली तर निदान पक्कं.

ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची डबी बाजारात मिळते. तिच्यात छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, शिट्टी जाते आणि खालचा बासही थोडा जातो. मी ती सगळं करून थकल्यावर लावतो.

बास वाजला की हेडलाइट मिचकतात. कपॅसिटर बसवू का?

एक फॅरडचा कपॅसिटर १४ व्होल्टवरून १२ वर उतरताना २६ ज्यूल देतो. अँप ५०० वॅट ओढत असेल तर हे सेकंदाच्या विसाव्या भागात संपले. ढोलाच्या एका टिपरीची सुरुवात सांभाळेल, पूर्ण गाणं नाही. त्या पैशात आधी तीन वायरी जाड करा : अल्टरनेटर ते बॅटरीचं प्लस, बॅटरीचं मायनस ते बॉडी, इंजिन ते बॉडी. छोट्या हॅचबॅकचा अल्टरनेटर सगळा मिळून साधारण ६० ते ९० अँपिअर देतो, त्यातून एसीचा पंखा, दिवे, इंजिनचा कॉम्प्युटर सगळं भागवायचं असतं. त्यावर ८० अँपिअरचा अँप चढवला तर कपॅसिटर लावा नाहीतर नवस बोला, दिवे मिचकणारच.

रात्री ठीक असते, सकाळी सेल्फ फिरत नाही.

अँप बंदच होत नसेल. गाडी लॉक करून दहा मिनिटांनी त्याचा दिवा बघा. रिमोटची वायर चुकून कायम बारा व्होल्टवर गेली असेल तर अँप रात्रभर नुसता बसून एक अँपिअर पितो. बारा तासांत १२ अँपिअर-तास झाले, आणि छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी असते ३५ ची.

मोजायचं असेल तर बॅटरीचं मायनस सोडून मध्ये मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर लावा. मीटर लागलेला असताना चावी फिरवून सेल्फ मारू नका, मीटर जाईल. नव्या गाड्यांचे कॉम्प्युटर झोपायला वेळ घेतात, अर्धा तास थांबा. शेवटी ५० मिलिअँपिअरच्या खाली आलं तर ठीक. वर असेल तर एकेक फ्यूज काढून कुठे आकडा पडतो ते बघा.

एकाच बाजूने आवाज येतो.

अँपवर आरसीएची डावी-उजवी पिन अदलाबदल करा. बंद बाजू बदलली तर दोष केबल किंवा डेकमध्ये. नाही बदलली तर आता स्पीकरच्या वायरी अदलाबदल करा आणि तसंच तपासा. केबल हलवल्यावर आवाज येतो-जातो असेल तर अँपच्या आरसीए जॅकचा डाख तडकला आहे. खड्ड्यांच्या रस्त्यावर हे व्हायचंच. पुन्हा डाख दिला की झालं.

अर्धा तास वाजतो, मग बंद. थोड्या वेळाने परत चालू.

तापतोय. सीटखाली कार्पेटवर, किंवा वूफरच्या खोक्यावर उताणा बसवलेला असेल. त्याच्या अंगावरच्या धातूच्या पंखांना (हीटसिंकला) हवा लागू द्या. हवा मिळूनही तापत असेल तर स्पीकरचे ओहम पुन्हा मोजा.

पावसात गाडीत पाणी शिरलं, अँप भिजला.

चालू करून बघायचा मोह आवरा. आधी बॅटरीचं मायनस काढा. अँप उघडा, गढूळ पाणी गेलं असेल तर स्वच्छ पाण्याने चिखल काढून मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने बोर्ड धुवा, दोन-तीन दिवस सावलीत वाळवा. कोकण किनाऱ्यावर तर पुराचीही गरज लागत नाही. खारी हवा तांब्याच्या वायरीवर कल्हई उडालेल्या भांड्यासारखा हिरवा थर चढवते, आणि तो कव्हरच्या आत हातभर सरकलेला असतो. तेवढी वायर कापूनच टाका. घासून उपयोग नाही.

अँप उघडला आहे. घरी काय तपासता येईल?

आत दोन भाग असतात. एका बाजूला पॉवर सप्लाय, तो १२ व्होल्टचे प्लस-मायनस २५ ते ४० किंवा त्याहून जास्त करतो. दुसऱ्या बाजूला आउटपुट. मोठे कपॅसिटर अँप काढल्यावरही भरलेले असू शकतात, शंभरेक ओहमचा पाच वॅटचा रेझिस्टर लावून रिकामे करा.

बी प्लसच्या जवळची मॉस्फेटची रांग आधी तपासा. मीटर डायोडच्या खुणेवर. आयआरएफझेड४४एन किंवा आयआरएफ३२०५ हे नेहमीचे चेहरे, तोंडाकडून बघितलं तर पाय डावीकडून गेट, ड्रेन, सोर्स. ड्रेन-सोर्समध्ये दोन्ही दिशांना बीप वाजली तर तो संपला. बोर्डात जोडलेले सगळे समांतर असतात, त्यामुळे एक गेला तरी सगळे शॉर्ट दिसतात. पाय सोडवून एकेक मोजावा लागतो. गेटचे बारीक रेझिस्टरही तपासा, तेही बरोबर जळतात. गेलेला एक सापडला तरी रांग पूर्ण बदला, एकाच लॉटची. सुरुवातीच्या दिवसांत मी चारांतला एकच बदलला आणि थेट बॅटरीला जोडला. टप्प. चारही गेले, गेटचे रेझिस्टर गेले, खोलीत दिवसभर वास.

पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सुटे भाग मिळतात. पण फार स्वस्त मिळणाऱ्या ३२०५ च्या आत कुठलाही मॉस्फेट असू शकतो. ओळखीचं दुकान धरा.

मॉस्फेट ठीक असून सप्लाय सुरू होत नसेल तर टीएल४९४ शोधा, सोळा पायांची आयसी. रेमला बारा दिल्यावर तिच्या १२ नंबरच्या पायावर बॅटरीइतकं व्होल्टेज आणि १४ वर ५ व्होल्ट हवेत. १२ वर आहे आणि १४ वर नाही, तर आयसी बदला. १४ वर पाच आहेत पण ४ नंबरचा पाय तीन व्होल्टच्या वर धरलेला आहे, तर आयसी चांगली आहे, प्रोटेक्शनच तिला दाबून ठेवतंय, आउटपुटकडे बघा.

ट्रान्झिस्टर आणि हीटसिंक यांच्यामधला अभ्रकाचा किंवा सिलिकॉनचा पातळ तुकडा परत जोडताना विसरू नका. आणि हीटसिंकला पट्टी आवळल्याशिवाय अँप एक मिनिटसुद्धा चालवू नका.

दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

फक्त सप्लायची रांग गेली असेल तर दुरुस्त करा. सप्लाय, आउटपुट दोन्ही गेले आणि बोर्डाची ट्रॅक कोळसा झाली असेल तर स्वस्त अँपवर पैसे घालू नका. जुने, जड, क्लास एबीचे चांगले अँप मात्र मी सहसा टाकू देत नाही. त्यांचे भाग सुटे आणि मोठे असतात, हाताला येतात.

घरी टेबलावर अँप कशावर चालवून बघू?

जुनी पण धड असलेली कारची बॅटरी सगळ्यात बरी. एलईडीच्या पट्ट्यांसाठी मिळणारा १२ व्होल्ट ३० अँपिअरचा एसएमपीएस (पॉवर सप्लायचा डबा) कमी आवाजात चालतो. कॉम्प्युटरचा एसएमपीएस कपॅसिटर चार्ज होतानाच्या झटक्याने ट्रिप होतो. नुसत्या बॅटरी चार्जरवर लावू नका, त्याची डीसी फार ओबडधोबड असते. काहीही असलं तरी बी प्लसच्या वाटेत तोच हेडलाइटचा बल्ब सिरीजमध्ये घाला. चालू करताना बल्ब क्षणभर चमकून विझला किंवा अगदी मंद राहिला तर आत शॉर्ट नाही. लख्ख पेटून तसाच राहिला तर बंद करा, काहीतरी अजून राहिलंय. मॉस्फेटऐवजी बल्ब तापला, एवढंच. गाणं लावून आवाज वाढवल्यावर तो ठेक्याबरोबर उजळू लागला की तो काढून त्याजागी १० अँपिअरचा फ्यूज लावा आणि अर्धा तास वाजू द्या.